भाडं उशिरा दिलं तर दंड किती? ऍग्रीमेंटमध्ये लिहिलाय तितका नाही, बहुतेक

परवा रात्री अकराच्या सुमाराला एका मैत्रिणीने तिच्या भाड्याच्या ऍग्रीमेंटमधल्या एका पानाचा फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ, "हे असं चालतं का?" पगार लांबला म्हणून तिचं भाडं दहा दिवस उशिरा जाणार होतं आणि मालकाने आधीच हिशोब पाठवून ठेवलेला, भाडं अधिक २,००० लेट फी. फोटोतला क्लॉज असा होता: "भाडे दरमहा ५ तारखेपर्यंत न भरल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे २०० प्रमाणे दंड आकारण्यात येईल व तो देणे भाडेकरूवर बंधनकारक राहील." खाली तिची सही. भाडं १०,००० धरा, चलन तुमचं तुम्ही लावून घ्या, कारण हा प्रश्न रुपयात पडतो तसाच डॉलरमध्ये आणि पाउंडातही पडतो.

तिला उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं की "चालतं" किंवा "नाही चालत" असं एका शब्दात सांगता येत नाही. म्हणून हा लेख. मी वकील नाही, पण करार वाचायची खोड आहे आणि या विषयातलं मूळ तत्त्व इतकं साधं आहे की ते कुणालाही कळावं.

आधी गणित करू

१०,००० वर दिवसाला २०० म्हणजे दिवसाला २ टक्के. वर्षाला किती? ७३० टक्के. महिन्याच्या करारात लिहिलेला दोनशेचा आकडा डोळ्यांना लहान दिसतो कारण तो "दररोज" या शब्दामागे लपलेला असतो. हाच दर एखाद्या सावकाराने पाटीवर लिहिला असता तर लोकांनी त्याला गावाबाहेर काढलं असतं.

आता दुसऱ्या बाजूने बघा. मालकाला १०,००० दहा दिवस उशिरा मिळाले, त्याचं खरंखुरं नुकसान किती झालं? ते पैसे वेळेवर मिळाले असते आणि त्याने ते वर्षाला १२ टक्क्यांनी कुठे गुंतवले असते असं धरू (धरायला काय जातंय). वर्षाचे १,२००, दिवसाचे सव्वातीन-साडेतीन, दहा दिवसांचे साधारण ३३. त्यात दोन फोन, चार मेसेज आणि थोडी कटकट मिळवा. तरी ३३ आणि २,००० मध्ये साठपट फरक आहे. ही जी दरी आहे ना, सगळा कायदा तिथेच येऊन उभा राहतो.

भरपाई वेगळी, शास्ती वेगळी

मित्राची बाइक घेऊन गेलात आणि आरसा फुटला. आरशाचे पैसे द्यायचे, ही भरपाई. पण बाइक देतानाच मित्राने कागदावर लिहून घेतलं की "आरसा फुटला तर नवी बाइक घेऊन द्यायची", तर ती शास्ती. सरकारी मराठीतला हा शब्द, अर्थ एवढाच की नुकसान भरून काढण्यासाठी नाही तर समोरच्याला धाक बसावा म्हणून लावलेली रक्कम. भाड्याच्या करारात आपण सरसकट "दंड" म्हणतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकाच पिशवीत कोंबलेले असतात आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

भारतासह बऱ्याच देशांच्या करार कायद्यात निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितलेली आहे की दोन खासगी माणसांनी आपसात केलेल्या करारातून भरपाई मागता येते, शिक्षा करता येत नाही. शिक्षा करायचं काम सरकारचं. मालक घराचा मालक आहे, फौजदार नाही.

भारतात ही गोष्ट १८७२ च्या करार कायद्यात, कलम ७४ मध्ये आहे, आणि त्या कलमाखाली जी उदाहरणं दिलीत ती वाचून मला खरंच गंमत वाटली कारण ती आजच्या लेट फीवरच लिहिल्यासारखी वाटतात. एक उदाहरण असं: अ ने ब ला कबूल केलं की अमुक दिवशी ५०० रुपये दिले नाहीत तर १,००० देईन. अ चुकला. ब ला काय मिळणार? "१,००० पर्यंत, पण कोर्टाला वाजवी वाटेल तेवढंच." दुसरं उदाहरण कर्जाचं. १,००० रुपये १२ टक्क्यांनी घेतले, सहा महिन्यांनी फेडायचे, आणि अट अशी की चुकलं तर चुकल्या दिवसापासून ७५ टक्के व्याज. कायदाच म्हणतो की ही शास्ती आहे, कोर्ट वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देईल. म्हणजे ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना ७५ टक्के म्हणजे अतीच वाटलं होतं. मैत्रिणीच्या ऍग्रीमेंटमध्ये ७३०.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की करारात लिहिलेला आकडा हा दर नसतो, कमाल मर्यादा असते. बसमध्ये "४० प्रवासी" असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ४० जण भरलेच पाहिजेत असा होत नाही, त्याच्या वर भरायचे नाहीत एवढाच होतो. तसंच इथे. २०० लिहिलंय म्हणून २०० मिळतीलच असं नाही, पण २०० च्या वर मागताच येणार नाही. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे नीट मांडलं. तो खटला भाड्याचा नव्हता, जागेच्या विक्रीचा होता, पण तत्त्व तेच: रक्कम आधी ठरवून लिहिली म्हणून ती आपोआप देय होत नाही, कोर्ट वाजवीपणा बघणार. २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात पुन्हा सांगितलं की मुळात नुकसान झालेलंच नसेल तर कलम ७४ खाली भरपाईही नाही.

(आणि आपल्याला हे नवीन वाटायचं काही कारण नाही. दामदुप्पट हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण मुळात तो पैसे दुप्पट करून देणाऱ्या स्कीमचा नाही, उलटा आहे. कोणत्याही एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही असा तो जुना नियम, आणि मुंबई इलाख्यातली ब्रिटिश काळातली कोर्टंसुद्धा तो पाळायची. भाडं म्हणजे कर्ज नव्हे, त्यामुळे तो इथे थेट लागत नाही, पण देणेकऱ्याला किती पिळायचं याला कुठेतरी थांबा असावा ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे.)

मग ठराविक आकडा कुठे आहे का?

आहे, बऱ्याच ठिकाणी. "वाजवी" हा शब्द ऐकायला छान आहे पण त्याच्यासाठी प्रत्येक वेळी कोर्टात कोण जाणार? दोन हजारांच्या भांडणासाठी वकील करायचा तर वकीलच दोन हजारांपेक्षा महाग पडतो. म्हणून काही सरकारांनी सरळ आकडाच ठरवून टाकला, आणि तिथे घोळ कमी झाला.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलला. आता तिथे भाडं पाच दिवस उलटून गेल्याशिवाय लेट फी लावता येत नाही, आणि लावायची तर ५० डॉलर किंवा महिन्याच्या भाड्याच्या ५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. नॉर्थ कॅरोलिनात पण पाच दिवस, पण तिथे १५ डॉलर किंवा ५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. वरवर सारखंच वाटतं ना? २,००० डॉलर भाडं धरून बघा. ५ टक्के म्हणजे १००. न्यूयॉर्कमध्ये ५० वर गाडी थांबते, नॉर्थ कॅरोलिनात पूर्ण १०० द्यावे लागतात. "कमी" आणि "जास्त" या एका शब्दाने दुप्पट. करार किंवा नियम वाचताना आकड्यांच्या पुढचे हे बारके शब्द वाचायचे असतात, लोक नेमके तेच सोडतात.

मेन राज्यात १५ दिवस थांबायचं आणि मग ४ टक्क्यांपर्यंत. मॅसॅच्युसेट्समध्ये तर ३० दिवस होईपर्यंत एक पैसाही लावता येत नाही. टेक्सास त्यामानाने मालकाच्या बाजूचं: दोन पूर्ण दिवस उलटले की फी चालू, आणि चारपर्यंत घरं असलेल्या इमारतीत भाड्याच्या १२ टक्क्यांपर्यंत, त्याहून मोठ्या इमारतीत १० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरली जाते. पण तिथेही मालकाने नियम मोडून फी घेतली तर त्याला १०० डॉलर, शिवाय चुकीने घेतलेल्या रकमेच्या तिप्पट, शिवाय वकिलाचा खर्च एवढं भाडेकरूला द्यावं लागू शकतं. कॅलिफोर्नियात आकडाच नाही. तिथे मालकाला दाखवावं लागतं की उशिराने होणारं नुकसान आधी नेमकं मोजणं अवघड होतं आणि म्हणून आम्ही प्रामाणिक अंदाज बांधून हा आकडा धरला.

इंग्लंडची पद्धत मला स्वतःला सगळ्यात सरळ वाटते. टेनंट फीज ऍक्ट २०१९ प्रमाणे भाडं १४ दिवस थकल्याशिवाय काहीच मागता येत नाही, त्यानंतर मागायचं ते फक्त व्याज, बँक ऑफ इंग्लंडचा जो मूळ दर असेल त्याच्यावर ३ टक्के. तोही वर्षाचा दर, दिवसावारी मोजायचा. मूळ दर ४ टक्के धरला तर एकूण ७, म्हणजे आपल्या १०,००० वर वीस दिवसांचे ३८ च्या आसपास. यात फोन केल्याचे, पत्र पाठवल्याचे, रागावल्याचे वेगळे पैसे नाहीत. आणि हा कायदा मोडणाऱ्या मालकाला किंवा एजंटला पहिल्या वेळी ५,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे शास्ती आहे, पण ती लावणारं सरकार आहे, आणि ती भाडेकरूला नाही.

कॅनडात एकाच देशात दोन टोकं दिसतात. ऑन्टारिओ प्रांतात लेट फी घेताच येत नाही, करारात लिहून सही घेतली तरी नाही. चेक परत गेला तर बँकेने कापलेले पैसे आणि २० डॉलरपर्यंतचा कारकुनी खर्च तेवढा मागता येतो. ब्रिटिश कोलंबियात मात्र करारात लिहिलेलं असेल तर २५ डॉलरपर्यंत.

आणि महाराष्ट्र? इथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात लेट फीचा म्हणून आकडा नाही, पण थकबाकीबद्दल एक आकडा आहे ज्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. मालकाने थकलेल्या भाड्यासाठी घर खाली करायचा दावा लावायचा असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोटिशीनंतर ९० दिवस थांबावं लागतं, आणि दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासकट आणि दाव्याच्या खर्चासकट भरली आणि पुढेही भरत राहिला तर घर जात नाही. सरळव्याज, चक्रवाढ नाही. म्हणजे अगदी कोर्टापर्यंत ताणलेल्या थकबाकीची किंमतसुद्धा कायद्याने १५ टक्के धरलीय. आपल्या १०,००० वर दहा दिवसांचे ४१.

इथे एक गोम आहे. हे संरक्षण "भाडेकरू"ला आहे, आणि आजकाल अकरा महिन्यांची जी ऍग्रीमेंटं होतात ती जवळजवळ सगळी लिव्ह अँड लायसन्सची असतात, ज्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसताच, परवानाधारक असता. त्यांना ही ९० दिवसांची सवलत मिळत नाही. पण करार कायद्याचं कलम ७४ दोघांनाही आहे कारण करार तो करारच.

ग्रेस पिरियडचा गोंधळ

ग्रेस पिरियड म्हणजे उशीर झाला तरी फी लागत नाही ते दिवस. लोक याचा अर्थ असा घेतात की भाडं पाच तारखेला द्यायचं असतं. नाही. भाडं एक तारखेलाच द्यायचं असतं, पाचपर्यंत फक्त फी लागत नाही, आणि त्या पाच दिवसांतही तुम्ही उशीरवालेच असता. फरक कुठे पडतो तर व्याज कुठल्या तारखेपासून मोजायचं तिथे. इंग्लंडमध्ये १४ दिवस ओलांडले की व्याज पंधराव्या दिवसापासून नाही, पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे तेराव्या दिवशी दिलं तर शून्य आणि पंधराव्या दिवशी दिलं तर पंधरा दिवसांचं.

दंडावर दंड: खरा खड्डा इथे आहे

एक वेळचा दंड माणूस कसाबसा भरून टाकतो. खरी वाट लागते ती पुढच्या महिन्यात, आणि ती कशी लागते हे नीट बघण्यासारखं आहे.

जूनमध्ये भाडं उशिरा गेलं, मालकाने ५०० लेट फी लावली. तुम्हाला ती मान्य नाही म्हणून तुम्ही फक्त १०,००० पाठवले. जुलैमध्ये तुम्ही एक तारखेला, अगदी वेळेवर, १०,००० पाठवले. मालकाने काय केलं, त्यातले ५०० जूनच्या फीत वळवले. मग त्याच्या वहीत जुलैचं भाडं ९,५०० च आलं, ५०० कमी. म्हणजे जुलै पण "उशिरा". परत ५०० फी. ऑगस्टमध्ये तुम्ही वेळेवर १०,००० दिले, त्यातले हजार मागच्यात गेले, ऑगस्ट पण अपुरा, परत फी. सहा महिने तुम्ही एकही दिवस न चुकता भाडं देताय आणि कागदावर तुम्ही सहा महिने थकबाकीदार आहात. काही ठिकाणी याच कागदावर घर खाली करायच्या नोटिसा निघतात. यात मालक दुष्टच असतो असं नाही, बऱ्याचदा हिशोबाचं सॉफ्टवेअरच असं लावलेलं असतं की आलेला पैसा आधी सगळ्यात जुन्या बाकीत जातो.

नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यात याच्यावर थेट बंदी आहे: एका उशिराला फी एकदाच, आणि ती फी पुढच्या भाड्यातून कापून पुढचं भाडं अपुरं दाखवता येणार नाही. भारतात असा खास भाड्याचा नियम नसला तरी करार कायद्याचं कलम ५९ कामाला येतं, आणि माझ्या मते भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे. एकाच माणसाची तुमच्यावर दोन-तीन वेगवेगळी देणी असतील आणि पैसे देताना तुम्ही स्पष्ट सांगितलं की हे अमुक देण्याचे, आणि त्याने ते घेतले, तर ते त्याच देण्यात जमा करावे लागतात. सांगितलंच नाही तर कलम ६० प्रमाणे घेणाऱ्याला वाटेल तिथे तो जमा करू शकतो. म्हणजे सगळा खेळ तुम्ही काय लिहिलंत याचा. ट्रान्सफर करताना खाली जी रिमार्कची रिकामी चौकट असते, जिच्यात आपण काहीच लिहीत नाही नाहीतर नुसतं "रेंट" टाकतो, तिथे "जुलै महिन्याचं भाडं" एवढे तीन शब्द टाकायचे. फुकटचा वकील आहे तो.

"पण सही केली ना? मग आता का कुरकुर?"

हा पहिला आक्षेप येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. करार केला की पाळायचा, बरोबर. पण सही केल्याने बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. कलम ७४ हे मुळात सही केलेल्या करारांसाठीच आहे, सही नसती तर प्रश्नच आला नसता. आणि खरं सांगायचं तर भाड्याच्या ऍग्रीमेंटवर सही करताना कोण वाटाघाटी करतं? एजंट पानं उलटतो, "इथे, इथे, आणि इथे", हातात बॉक्स, खाली टेम्पो उभा. बहुतेक क्लॉज कुठल्यातरी जुन्या नमुन्यातून उचललेले असतात, मालकाने पण ते वाचलेले नसतात.

उलट बाजूही सांगते. करारात लेट फीबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर मालकाला नंतर मनाने आकडा ठरवून तो लावता येत नाही. तोंडी "पाचशे जास्त द्या" याला आधार नाही. म्हणजे लिहिलेलं असलं तरी मर्यादा, नसलं तर मुळात पायाच नाही.

"मालकाचाही बँकेचा हप्ता असतो"

असतो की. याच भाड्यावर घराचा हप्ता भरणारे मालक खूप आहेत, आणि भाडं चुकलं की त्यांचा हप्ता बाउन्स होतो, बँक त्यांना दंड लावते. हे खरं नुकसान आहे. ते मागता येतं का? येऊ शकतं, पण एक अट आहे. करार कायद्याचं कलम ७३ सांगतं की नुकसान एकतर अशा चुकीतून सहज होणारं असलं पाहिजे किंवा करार करतानाच दोघांना त्याची कल्पना असली पाहिजे. म्हणजे मालकाने सुरुवातीलाच सांगितलं, जमलं तर लिहिलं, की माझा हप्ता दहा तारखेला जातो आणि तो तुमच्या भाड्यावर आहे, तर त्याची बाजू भक्कम. नंतर उगवलेला हप्ता, नातेवाइकाचं लग्न, शेअर घ्यायची हुकलेली संधी, हे भाडेकरूच्या डोक्यावर टाकता येत नाही.

मला वाटतं मालकांनी पण "रोज २००" लिहिण्यापेक्षा "चेक किंवा हप्ता परत गेल्यास बँकेने प्रत्यक्ष लावलेली रक्कम पावतीसह" असं लिहावं. वसूल तरी होईल.

"दंडच नसेल तर वेळेवर देईल कोण?"

धाक पाहिजे हे मान्य, पण धाक लेट फीचा नसतोच, तो घर जाण्याचा असतो. वारंवार भाडं थकवणाऱ्याचा करार संपवता येतो, डिपॉझिट असतं, पुढच्या वर्षी करार वाढवायचा की नाही हे मालकाच्या हातात असतं. ही सगळी हत्यारं तशीच आहेत. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याला अजून २,००० लावल्याने भाडं लवकर येत नाही, उशिरा येतं, कारण आता त्याला १२,००० जमवायचेत.

तरीपण सगळी कोर्टं फक्त "नुकसान दाखवा" एवढ्यावरच अडून बसतात असं समजू नका. इंग्लंडमध्ये १९१५ पासून कसोटी होती की आकडा हा नुकसानीचा प्रामाणिक पूर्वअंदाज आहे का. २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती सैल केली. खटला पार्किंगचा होता, दोन तास फुकट पार्किंग, एक माणूस जवळजवळ तासभर जास्त थांबला आणि पार्किंगआय कंपनीने ८५ पाउंड लावले. कंपनीचं नुकसान काहीच नव्हतं. कोर्ट म्हणालं, गाड्या वेळेत हलाव्यात यात कंपनीचं रास्त हित आहे आणि ८५ ही त्या हिताच्या मानाने अवाच्या सवा रक्कम नाही, म्हणून चालेल. तेव्हा भाड्याच्या बाबतीतही एखादा मालक म्हणू शकतो की वेळेवर भाडं येण्यात माझं रास्त हित आहे. इंग्लंडमध्ये घरभाड्यापुरता वेगळा कायदा करून आकडा बांधलेला आहे, नाहीतर वाद चालूच राहिला असता.

अजून एक घोळ. महाराष्ट्रात "दुप्पट भाडं लावता येतं" असं बरेच मालक ठामपणे सांगतात. ते येतं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मधून, पण ते उशिरा भाडं देणाऱ्यासाठी नाहीच. लायसन्सची मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्यासाठी आहे, त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दोन वेगळ्या चुका, दोन वेगळे हिशोब. आणि दंड दिला नाही म्हणून पाणी किंवा वीज तोडणं हे तर याच कायद्याच्या कलम २९ खाली सरळ बेकायदा, तिथे चर्चेला जागा नाही.

"बरं, मग लवकर देणाऱ्याला सूट देतो"

हुशार मालक असा उलटा डाव टाकतात. भाडं ११,०००, पण एक तारखेच्या आत दिलं तर १,००० सूट. नाव बदललं, गणित तेच, उशिराचे १,०००. ऑन्टारिओने हे ओळखून वेळेवर देणाऱ्याला सूट देता येते पण ती २ टक्क्यांपर्यंतच असं ठरवलंय. बाकी ठिकाणी कोर्ट बघणार की खरं भाडं कोणतं, जे सगळे प्रत्यक्षात दर महिन्याला देतात ते १०,०००, की कागदावरचं ११,०००.

मैत्रिणीचं काय झालं

तिला मी एवढंच सांगितलं की भांडू नकोस, क्लॉज बेकायदा आहे वगैरे पहिल्या मेसेजमध्ये लिहू नकोस, आकडा दे. तिने लिहिलं ते साधारण असं: "काका, पगार उशिरा झाला म्हणून भाडं दहा दिवस लांबलं, त्याबद्दल सॉरी. १०,००० आणि दहा दिवसांचं १२ टक्क्यांनी व्याज ३३, असे १०,०३३ आत्ता पाठवतेय. उशिरामुळे तुमचा हप्ता किंवा चेक परत गेला असेल तर बँकेची पावती पाठवा, ते पैसे मी देईन. २०० रोजचं मात्र जमणार नाही, त्याबद्दल बोलूया." रिमार्कमध्ये महिना टाकला, स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पावती काही आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला आणि त्यांनी पहिलं विचारलं, "हे वरचे तेहतीस कसले?"